पालकाचा रकाना

तुकाराम मेस्त्री दर शुक्रवारी दोन बस बदलून कुवेतमधल्या सलव्याला धाकट्या भावाच्या घरी येत आणि दारात चपला काढता काढता विचारत, "प्रभा, काय बिघडलंय?"

काहीतरी बिघडलेलं असायचंच. कधी खिडकीचं बिजागर, कधी अक्षयच्या टेबलाचा खण, कधी न्हाणीघराची कडी. आठवड्याला नेमकी एक वस्तू मोडावी, तीही लाकडाची आणि तीही शुक्रवारच्या आत, हे त्यांच्या मुलीला, मुक्ताला, पहिल्याच महिन्यात संशयास्पद वाटलं होतं. ती सूक्ष्मजीवशास्त्राची पदवीधर. एवढी नियमितता आपोआप येत नाही, हे तिला ठाऊक होतं. मग एका गुरुवारी तिने प्रभाकाकीला बोथट सुरीने कपाटाचा स्क्रू सैल करताना पाहिलं.

"बघतेस काय?" काकी म्हणाली होती. "तुझे बाबा काम केल्याशिवाय माझ्या घरात घास गिळत नाहीत. पंधरा वर्षं बघतेय. उपाशी गेलेले बघण्यापेक्षा स्क्रू ढिला केलेला बरा. आणि हे त्यांना सांगायचं नाही."

मुक्ताने सांगितलं नाही. बाबांना ते आधीच कळलं असणार, असं मात्र तिला वाटत असे. सुतारकाम करणाऱ्या माणसाला सुरीचा ओरखडा ओळखता येतो.

नोव्हेंबरातल्या त्या शुक्रवारी ओट्याखालच्या कपाटाचं दार निखळलं होतं. बाबा पिशवीतून पेचकस काढून फरशीवर बसले आणि डोकं आत घालून कामाला लागले. काकी झुबैदी तळत होती. झुबैदी म्हणजे आपला सरंगाच, पण इथे राहून काकी बाजारातल्या नावानेच त्याला हाक मारायला शिकली होती. मुक्ता कांदा चिरत होती. तिच्या वहीत घडी घातलेला एक कागद होता आणि तो जेवणं झाल्यावर, सगळे सुस्तावले असताना काढायचा, असं तिने ठरवलं होतं. पण दीनानाथकाका स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि तिचा बेत फसला.

"दादा," काका म्हणाले, "या पोरीचं काय करायचं ते आज ठरवून टाकू."

"कुठल्या पोरीचं?" कपाटातून आवाज आला.

"तुझ्याच. दुसरी कुठली आहे आपल्याकडे?"

मंगळवारी काय झालं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. संध्याकाळी साडेसातला संपणारा सामना बरोबरीत सुटला, जादा वेळ खेळवावा लागला, आणि काका विद्यापीठाच्या फाटकाबाहेर गाडीत तासभर बसून राहिले. मुलींचा सामना असला की सभागृहाच्या आसपास पुरुषांना फिरकू देत नाहीत. आत निरोप धाडावा तर फाटकावरचा पहारेकरीही पुरुषच. साडेआठला मुक्ता घामाने निथळत बाहेर आली तेव्हा काकांनी गाडी सुरू केली. घरी आल्यावर म्हणाले, "या सत्रानंतर खेळ बंद."

लोक शिकायला अमेरिकेत जातात, विलायतेत जातात, मेस्त्र्यांची मुक्ता कुवेतला कशाला गेली, असं गावी लांज्यात अजूनही विचारत असतील. कारण साधं होतं. एक्क्याण्णव साली इथल्या तेलविहिरी जळल्या आणि वाळवंटात तेलाची तळी साचली. त्या तेलाने भिजलेल्या वाळूत काही जिवाणू तेलच खाऊन जगतात. आठ वर्षांनंतर ते कोणते, किती, आणि कोणत्या तापमानाला किती वेगाने वाढतात, हे मोजायला विद्यापीठाला विद्यार्थी हवे होते. शिष्यवृत्तीची जाहिरात काकांनीच इथल्या पेपरात पाहिली, कापली आणि गावी धाडली. मुक्ता आली. खोली काकांच्या घरात मिळाली, कारण बाबांकडे खोली नव्हती. बाबांकडे खाट होती. जलीब अल शुयूखमध्ये एका खोलीत आठ खाटा, त्यांतली खिडकीजवळची त्यांची. अठरा वर्षं ते तिथे होते, आणि दर दोन वर्षांनी पंचेचाळीस दिवस मुक्ताचे वडील.

फक्त एकदाच ते जास्त राहिले होते. नव्वद साली इराकचं सैन्य आत शिरलं तेव्हा दोघे भाऊ बगदाद आणि अम्मानमार्गे घरी पोहोचले, आणि बाबा जवळजवळ वर्षभर गावात होते. आई त्या वर्षाला अजून 'ते वाईट वर्ष' म्हणते. मुक्ता तेव्हा तेरा वर्षांची होती. बाबांनी तिला सायकल शिकवली, खो-खोच्या सरावाला पहाटे सोडायला आले, आणि तिच्यासाठी ते वर्ष कधीच वाईट नव्हतं. हे तिने आईला कधी सांगितलं नाही.

इथलं विद्यापीठ अंगवळणी पडायला तिला सहा आठवडे लागले. पहिले दोन आठवडे ती फक्त प्रयोगशाळेत बोलत असे, तेही जिवाणू वाढवायच्या काचेच्या बशांशी. बाकीच्या मुली चार-चारच्या घोळक्याने चालत, मोठ्याने हसत, आणि तिच्याकडे पाहून गोड हसून पुढे जात. कँटीनमध्ये कुठल्या टेबलाशी बसायचं याचा काहीतरी नियम होता. तो तिला निरीक्षणाने सापडेना. मग एका संध्याकाळी विद्यापीठाच्या शुवैखमधल्या खेळगृहाच्या दारावर तिने चिठ्ठी वाचली: हँडबॉलसाठी मुली हव्यात. ती आत गेली. दारातल्या खुंट्यांवर अंगभर काळ्या झग्यांची, अबायांची, रांग लागलेली होती, आणि आत त्याच शांत, गोड हसणाऱ्या मुली एकमेकींच्या अंगावर तुटून पडत होत्या, ओरडत होत्या, एक तर चक्क शिव्या देत होती. मुक्ताला इथे आल्यापासून पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटलं.

प्रशिक्षक होती अलेक्झांड्रियाची सुरैया. मुली तिला 'अब्ला' म्हणत, म्हणजे बाई. पहिल्याच दिवशी तिने शिट्टी वाजवून खेळ थांबवला होता.

"तू धावतेस छान. पण एकदा एका बाजूला निघालीस की मागे का वळत नाहीस? तुझी पाठ धरली आहे का कुणी?"

मुक्ताला तेव्हा स्वतःचं नवल वाटलं. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत तीच धरायची. मधेच उलटं फिरलं की फाउल. नऊ वर्षं ती तशी धावली होती. इथे खांब नव्हता, पंच काही म्हणणार नव्हता, चेंडू मागे पडला होता, तरी पाय वळत नव्हते. हे सगळं तिने इंग्रजीत समजावलं तेव्हा सुरैया खो खो हसली. म्हणाली, "म्हणजे तुमच्या देशात मुद्दाम चूक शिकवतात." पण नंतर तिनेच मुक्ताला डाव्या कडेला टाकलं, कारण कडेने सुसाट सरळ जाणारी मुलगी तिला हवीच होती. वळायला शिकवायला पुढचे चार आठवडे लागले. आता ती दहातल्या सात वेळा वळत असे. ती मोजत होती.

"ऐकतोयस ना, दादा?" काका म्हणाले.

"ऐकतोय. कानावर लाकूड नाय पडलेलं."

"आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी सराव. विद्यापीठाची बस साडेचारला निघून जाते. मी ऑफिसातून सुटून शुवैखला जायचं, तिथून हिला घेऊन यायचं. ते मी करीन, त्याचं काही नाही. पण ही आली कशासाठी? वाळूतले किडे मोजायला."

"जिवाणू," मुक्ता म्हणाली.

"तेच ते."

"शी इज ट्वेंटी-टू, पपा," बाहेरून पंधरा वर्षांचा अक्षय ओरडला. त्याची नजर टीव्हीवरच होती. "लेट हर प्ले."

"तू गप रे. तुला विचारलं की बोल."

मुक्ताने सुरी खाली ठेवली. आता थांबण्यात अर्थ नव्हता. "काका, तुम्हाला आता यावं लागणार नाही. मला हॉस्टेलमध्ये जागा मिळतेय. सुरैया अब्लांनी खेळाडूंसाठी ठेवलेल्या जागांपैकी एक मला दिली आहे. खेळगृह तिथून पाच मिनिटांवर आहे. सोमवारपर्यंत फॉर्म द्यायचा आहे."

तव्यावरचं तेल तडतडलं. काका तिच्याकडे पाहत राहिले.

"हॉस्टेल," ते म्हणाले. "काकाचं घर असताना."

"तसं नाही, काका."

"मग कसं? गावात काय सांगायचं? दीनानाथाने भावाची पोर दोन महिने ठेवली आणि मग नेऊन हॉस्टेलात टाकली?" त्यांचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता, आणि त्यामुळे मुक्ताला जास्त त्रास झाला. "नव्वद साली, दादा, तुला आठवतंय? तेरा दिवस तुझा पत्ता नव्हता. जलीबमधल्या खोल्या मी एकेक करून पालथ्या घातल्या. अम्मानच्या छावणीत तुला ताप आला तेव्हा मी ठरवलं, आपलं काहीही डोळ्याआड ठेवायचं नाही. मग पाण्याची बाटली असो, की पोर."

"आठवतंय," बाबा कपाटातून म्हणाले.

"मग तूच सांग हिला."

"भाऊजी काय सांगणार?" काकीने तव्यावरचा तुकडा उलटला. "त्यांनी तिला खेळताना पाहिलंय कुठे? मी पाहिलंय."

काका वळले. मुक्ताही वळली, तिला हे ठाऊक नव्हतं.

"तू कधी पाहिलंस?"

"मंगळवारी. खालच्या मजल्यावरच्या खतिजाआपांना घेऊन गेले. बायकांना कोण अडवतंय? त्यांच्या जावयाने नेलं, त्यानेच मागच्या फाटकातून आणलं."

"मंगळवारी मी बाहेर गाडीत तासभर बसलो होतो!"

"माहीत आहे. वरच्या खिडकीतून गाडी दिसत होती."

"आणि मला येऊन सांगावंसं वाटलं नाही?"

"सांगायला आले असते तर शेवटची दहा मिनिटं गेली असती," काकी म्हणाली. "बरोबरी होती. ती उंच कुवेती पोर हिच्या अंगावर आली, ही खाली वाकली की काय झालं कुणास ठाऊक, तिच्या काखेखालून निघून गेली आणि मारलाच चेंडू. खतिजाआपांनी माझा हात एवढा दाबला, ही बघा बांगडी पिचकली. त्यांना रत्नागिरीची पोर म्हणून एवढं कौतुक! सगळ्या हॉलला सांगत होत्या, आमची आहे, आमच्याकडची आहे." तिने गॅस बारीक केला. "इथे आल्यापासून मी एवढी ओरडले नव्हते. घरी येऊन चहा टाकला, तोवर तुम्ही तोंड फुगवून आलात."

बाहेर अक्षय फिदीफिदी हसला. काकांना हसावं की रागवावं ते कळेना. त्यांनी दोन्ही केलं नाही.

"म्हणजे तुझंही ठरलंय. जाऊ दे हिला."

"मला ती इथेच हवी आहे," काकी म्हणाली. "घरात बाईमाणसाशी बोलायला मिळतं. पण माझ्यासाठी तिने खेळ सोडावा, असं मी म्हणणार नाही. तुम्ही म्हणा, हवं तर."

"मी सही करणार नाही," काका म्हणाले. "एवढं माझ्या हातात आहे."

तेव्हा बाबा कपाटातून बाहेर आले. केसांत भुसा होता. हात लुंगीला पुसून त्यांनी मुक्तासमोर धरला. "आण तो कागद. सही कुठं करायची ते दाखव. बाप मी आहे ना?"

मुक्ताने वही उघडली नाही.

"बाबा, तुमची सही चालणार नाही."

"का? मराठीत केलेली चालत नाय? इंग्रजीत करतो."

"पालकाचीच सही लागते. आणि माझ्या फाइलमध्ये पालक म्हणून काकांचं नाव आहे."

बाबांनी भावाकडे पाहिलं. काकांचा चेहरा बदलला, आणि मग त्यांनी जे केलं ते मुक्ता पुढे कधी विसरली नाही.

"अरे दादा, ते काय झालं," ते घाईघाईने म्हणाले, "त्या ऑफिसात पक्का पत्ता मागतात. मीच सांगितलं हिला, माझं लिही म्हणून. नंतर तुला सांगायचं राहून गेलं."

"नाही," मुक्ता म्हणाली. "काका तेव्हा गाडी लावायला गेले होते. मी लिहिलं."

"तू?"

"हो. त्यांना पंधरा दिवसांनी पत्र आलं तेव्हा कळलं."

"का लिहिलंस?"

उत्तर तिच्याकडे तयार होतं. सप्टेंबरपासून ते तिने स्वतःला अनेकदा दिलं होतं. "रकान्यात घराचा पत्ता होता, बाबा. इमारतीचा नंबर, फोन. तुमच्या खोलीला फोन नाही."

"खालच्या बेकरीत आहे. तुझी आई तिथंच करते. अठरा वर्षं करतेय."

"माहीत आहे."

"मग?"

तिने सांगितलेलं कारण खरं होतं, पण पुरेसं नव्हतं, आणि हा फरक तिला शिकवला गेला होता. त्या दिवशी शेजारच्या खुर्चीवर एक मुलगी बसली होती, हातात सोन्याची बांगडी, फॉर्ममध्ये वडिलांचा हुद्दा लिहीत होती. मुक्ताच्या फॉर्मकडे ती बघत होती की नव्हती, कुणास ठाऊक. मुक्ताने नुसतं गृहीत धरलं की ती बघते आहे.

"शेजारची मुलगी बघेल असं वाटलं," ती म्हणाली.

बाबांनी मान हलवली. पुन्हा खाली बसले, राहिलेला एक स्क्रू पिळला, दार दोनदा उघडून लावून पाहिलं. मग म्हणाले, "झालं, प्रभा. वाढ."

त्या दिवशी काकीने त्यांच्या पानात तीन तुकडे वाढले. ते त्यांनी निमूट खाल्ले.

जेवणानंतर मुक्ता त्यांना बसपर्यंत सोडायला गेली. एरवी ते नको म्हणत. आज म्हणाले नाहीत. दुपारचं ऊन आता सोसण्यासारखं झालं होतं. बंद दुकानांच्या सावलीतून ते पुढे आणि ती अर्धं पाऊल मागे, अशी दोघं चालत होती.

"चेंडू हातानं मारतात?" बऱ्याच वेळाने त्यांनी विचारलं.

"हो. एका बाजूला सात जणी."

"आणि तू कुठं?"

"डाव्या कडेला."

"लागत नाय?"

"लागतं."

ते थोडे हसले. थांब्यावर एक फिलिपिनी बाई आणि दोन केरळी माणसं उभी होती. बाबा त्यांच्यापासून जरा दूर थांबले.

"मुक्ते, एक सांगू? तू विचारलं असतंस तर मीच म्हटलं असतं, दीनूचं नाव घाल. त्याचंच शोभतं. पण न विचारता घातलंस ते लागलं."

"बदलता येतं, बाबा. मी विचारलंय. पण दोघांनी एकदम यावं लागतं. आधीचा पालक आणि नवा."

"कधी?"

"उद्या किंवा परवा. सोमवारी दुपारी बंद."

"शनिवारी स्लॅबच्या फळ्या लावायच्यात. फोरमन सोडणार नाय." ते रस्त्याकडे बघत होते. "आणि दीनू कशाला येईल? त्यानं नाय म्हटलंय ना."

बस आली. ते चढले, खिडकीशी बसले, आणि बस हलल्यावर त्यांनी हात वर केला.

शनिवारी, इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, काकांनी तिला नेहमीसारखं सातला विद्यापीठात सोडलं. वाटेत रेडिओ लावला. पालक बदलायचं तिने आदल्या संध्याकाळीच त्यांना सांगितलं होतं. ते बातम्या बघत राहिले होते. अकरा वाजता ती कार्यालयाच्या बाकावर एकटीच जाऊन बसली. येणार कुणी नाही, हे तिला नव्वद टक्के माहीत होतं. सुरैयाला काय सांगायचं, याची वाक्यं ती मनात जुळवत होती.

बाराला वीस मिनिटं असताना दारातून काका आले. त्यांच्या मागे निळ्या गणवेशात, खिशावर कंत्राटदाराचा शिक्का असलेले, बुटांवर सिमेंट असलेले बाबा.

"सबाह अल-सालेमच्या साइटवर जाऊन उचलून आणलाय," काका म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "फोरमन ऐकेना. शेवटी सांगितलं, घरात लग्न आहे."

"लग्न?"

"मग काय सांगू? पोरीला हँडबॉल खेळायचाय?"

"आता तो महिनाभर मिठाई मागणार," बाबा म्हणाले.

खिडकीपलीकडच्या बाईने फाइल काढली आणि काकांना अरबीत काहीतरी विचारलं. काका पंचवीस वर्षं इंग्रजी बोलणाऱ्या ऑफिसात होते. ते दोन शब्द बोलले आणि अडले. तेव्हा बाबा पुढे झाले. मुक्ताने त्यांना अरबी बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ते व्याकरणाचं अरबी नव्हतं; परांचीवरचं, फळ्या आणि खिळ्यांमधलं, इजिप्तच्या गवंड्यांकडून उचललेलं अरबी होतं, पण ते न अडखळता वाहत होतं, आणि ते बोलताना बाबांचे खांदेही वेगळेच दिसत होते. भाषेच्या तासाला शिकलेल्या शब्दांवरून मुक्ताला निम्मं कळलं. ही माझी मुलगी. हा माझा भाऊ. दोन महिने यानं सांभाळली. पुढचं तिला कळलं नाही, पण बाई खळखळून हसली आणि तिने काकांना बसायला खुर्ची दिली.

"काय म्हणालास तिला?" काकांनी विचारलं.

"म्हटलं, माझ्यापेक्षा यालाच जास्त वाईट वाटतंय, याच्याशी जरा गोड बोला."

काकांनी नाक शिंकरलं. मग पेन मागून घेतलं आणि आपल्या नावापुढे, जिथे जबाबदारी सोडत असल्याचं लिहिलं होतं, तिथे सही केली. सही करताना त्यांनी वेळ घेतला. नव्या फॉर्मवर पत्त्याचा रकाना आला तेव्हा बाईने पेन मुक्ताकडे सरकवलं. मुक्ताने विचारून विचारून लिहिलं: जलीब अल शुयूख, विभाग, रस्ता, इमारत. फोनच्या पुढे तिने बेकरीचा नंबर लिहिला. तो तिला पाठ होता.

हॉस्टेलमध्ये पहिल्या आठवड्यात तिला झोप आली नाही. खोलीतल्या दुसऱ्या मुलीचं घड्याळ मोठ्याने वाजत असे, आणि आंघोळीला रांग असे. सरावात ती दहातल्या सहाच वेळा वळली. प्रयोगशाळेतल्या एका बशीवर बुरशी आली आणि तीन आठवड्यांची वाढ फेकून द्यावी लागली. काकीचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा तिने अक्षयचा खण मोडल्याचं सांगितलं.

शुक्रवारी दीड वाजता खालून निरोप आला: पालक आले आहेत. हॉस्टेलचा नियम असा होता की मुलीला बाहेर न्यायचं तर पालकाने स्वतः वहीत सही करायची, आणि मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजाच्या आत परत आणायची. मुक्ता खाली धावली. बाबा फाटकातल्या टेबलाशी उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, दाढी केलेली, केसांना तेल. पहारेकऱ्याने पुढे केलेल्या वहीत त्यांनी देवनागरीत सावकाश नाव लिहिलं, मग नात्याच्या रकान्यात काय लिहायचं ते पहारेकऱ्याला अरबीत विचारलं आणि त्याने सांगितलं तसं लिहिलं.

दोघं बाहेर आली. फाटक मागे बंद झालं, आणि तेव्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आलं की जायचं कुठे, हे ठरलेलंच नाही. त्यांच्या खोलीत ती जाऊ शकत नव्हती. तिच्या खोलीत ते जाऊ शकत नव्हते.

"दीनूकडं?" बाबा म्हणाले.

"काकी वाट बघत असेल. पण चारपर्यंत गेलं तरी चालेल."

"मग तोवर?" ते इकडेतिकडे बघू लागले. "ते तुमचं खेळायचं घर कुठाय? मला आत घेणार नायत, माहिताय. बाहेरनं दाखव."

ती त्यांना घेऊन गेली. सुट्टीमुळे सगळं बंद होतं. बाबांनी दाराची चौकट चाचपली, एक बोट फटीत घालून पाहिलं. खिडक्या उंच होत्या. त्यांनी टाचा उंचावून पाहिलं. छताखेरीज काही दिसेना. मग ते मागे फिरून मोकळ्या वाहनतळावर आले. तिथे दोन दिव्यांचे खांब होते.

"गोल राखणारी कुठं उभी राहते?"

"तिथे. दोन खांबांच्या मधे. हे अंतर जरा जास्त आहे."

बाबा तिथे जाऊन उभे राहिले. बाह्या वर केल्या आणि हात पसरले.

"मार."

"चेंडू नाहीये, बाबा."

"मला कुठं दिसणार आहे एरवी तरी? मार तू."

आजूबाजूला कुणी नव्हतं. मुक्ता बऱ्याच मागे गेली. डाव्या कडेने तीन पावलं धावली, उडी मारली आणि रिकामा हात जोरात पुढे फेकला. बाबा उजवीकडे झेपावले आणि गुडघ्यावर हात टेकून वाकून राहिले.

"गेला?"

"गेला."

"कुठनं?"

"तुमच्या डाव्या हाताकडून."

"बरं," ते सरळ होत म्हणाले. शर्ट पँटमधून सुटला होता. "परत मार."